'सुटलं, धन्यवाद' लिहून जाणाऱ्यांना

मराठी डीटीपी मदतगटातल्या सर्व सभासदांस आणि तिन्ही ॲडमिन दादांस,

स. न. वि. वि.

गटात बहुतेकजण मला 'सांगलीच्या ताई' म्हणून ओळखतात. गेली २६ वर्षं घरातल्या पुढच्या खोलीत बसून पुस्तकं लावते आहे, म्हणजे संगणकावर पानं मांडून छपाईला तयार करते आहे. पत्र लांबलं आहे, पण व्हॉइस नोट केली नाही. का केली नाही ते पुढे येईलच.

गेल्या महिन्यात एक जुने प्रकाशक घरी आले. हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली सीडी, आणि सीडीवर मार्करनं लिहिलेलं: '१९९९ फायनल, हीच घ्यावी'. अक्षर माझंच. लग्नकार्यातल्या मोठ्या पंक्तींचा स्वयंपाक कसा करावा, याचं ते पुस्तक. पन्नास पानांपासून हजार पानांपर्यंत किती तांदूळ, किती डाळ, किती मीठ. (पंक्तीतली पानं म्हणते आहे मी, छपाईची नव्हेत.) त्यांना नवी आवृत्ती काढायची होती आणि सोबत ई-बुकही. ई-बुक म्हटलं की युनिकोड आलं, म्हणजे कुठल्याही यंत्राला सारखीच कळणारी अक्षरं. फाइल होती पेजमेकर ६.५ ची, म्हणजे पान लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची, आणि फॉन्ट त्या काळातला.

माळ्यावरचा जुना पीसी काढला. प्रिंटरच्या पोर्टला लावायचं ते फॉन्टचं लॉक (ते लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाही) सुईदोऱ्याच्या डब्यात सापडलं. फाइल उघडली. पण मॅटर युनिकोडमध्ये न्यायला लागले तर रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले आणि वेलांट्या एक घर सरकल्या. म्हणून गटात विचारलं. तासाभरात सात उत्तरं आली.

पहिलं: 'ताई, पेजमेकर? म्युझियमला द्या.' दुसरं, त्यावर हसणाऱ्या तीन बाहुल्या. तिसरं: 'गुगल करा.' चौथं: 'इनबॉक्स करा.' पाचव्यानं चॅटजीपीटीचं उत्तर जसंच्या तसं चिकटवलं होतं. त्यात म्हटलं होतं की पेजमेकरच्या फाइल मेनूत जाऊन 'युनिकोडमध्ये सेव्ह करा' हा पर्याय निवडा. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, म्हणजे ७.०, आली २००१ साली. असा पर्याय त्यात कधी नव्हताच. सहावी चार मिनिटांची व्हॉइस नोट, त्यातलं पहिलं दीड मिनिट मागे मिक्सर चालू. सातवं उत्तर 'शुभ सकाळ' होतं. तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते.

मग गटातच मागे शोधत बसले. 'पेजमेकर रफार' टाकलं आणि खरंच सापडलं: ऑगस्ट २०२१, अगदी हाच प्रश्न. तोच फॉन्ट, तीच वेलांटी. विचारणाऱ्यानं स्क्रीनचा फोटो टाकला होता, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. खाली चौघांनी काहीबाही सुचवलेलं, आणि दोन दिवसांनी विचारणाऱ्याचाच शेवटचा निरोप: 'सुटलं. धन्यवाद सगळ्यांना.' पुढे जोडलेले हात. बस्स. कसं सुटलं, कशानं सुटलं, एक अक्षर नाही.

मला इतका संताप आला की नाव बघायला वर गेले. नाव माझंच होतं.

लॉकडाउनच्या त्या दिवसांत बरीच पुस्तकं लावली, त्यातलंच एखादं असणार. मी काय केलं होतं ते मला आज आठवत नाही. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे जे उत्तर होतं ते मी स्वतःलासुद्धा ठेवलं नाही. तेव्हा या पत्रातली पहिली आरोपी मीच. बाकीच्यांचा नंबर त्यानंतर.

आपल्या धंद्यात ही गोष्ट इतरांपेक्षा जास्त का लागते, ते नव्या मुलांसाठी सांगते. जुन्या फॉन्टात 'क' हा 'क' नसतोच. इंग्रजीतल्या एखाद्या अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट बदलला की चित्र जातं आणि खालचा इंग्रजी काला वर येतो. कुठल्या जागेवर कुठलं चित्र, हे प्रत्येक कंपनीनं आपापल्या सोयीनं ठरवलं. काहींनी 'ग'चे दोन तुकडे केले, अर्धा ग आणि काना. कुणी रफाराला एक जागा दिली, कुणी अनुस्वारासकट, वेलांटीसकट वेगवेगळ्या तीन. १९९१ मध्ये इस्की हे अक्षरं साठवायचं भारतीय मानक ठरलं आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. त्यात देवनागरीसाठी १२८ जागा राखलेल्या. तरी आपला धंदा पुढची कितीतरी वर्षं चित्रांवरच चालला, कारण पान लावायच्या सॉफ्टवेअरला युनिकोडातली जोडाक्षरं नीट जमत नव्हती आणि प्रेसला फॉर्मा (एकदम छापायच्या पानांचा संच) शुक्रवारी लागायचा. आपण कोणी अडाणी नव्हतो. जे चालत होतं त्यावर काम केलं.

परिणाम असा की १९९० ते २०१० या काळातली ढीगभर मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, शाळांची स्मरणिका, कुणाकुणाची घराण्याची वंशावळ, सगळं त्या चित्रांच्या भाषेत अडकून पडलं आहे. दारंही एकेक करून बंद होत चालली आहेत. पेजमेकरच्या जागी आलेल्या अडोबीच्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरची फाइल उघडायची सोय सीएस६ या आवृत्तीपर्यंत होती, पुढच्या सीसीपासून ती गेली. जानेवारी २०२३ पासून अडोबीच्या नव्या आवृत्त्यांनी टाइप १ जातीचे जुने फॉन्ट ओळखणं सोडलं. कुठल्या फॉन्टची कुठली खोड आहे, हे ज्ञान कोणत्या पुस्तकात छापलेलं नाही. ते आपल्या बोटांत आहे, आणि बोटं म्हातारी होत आहेत.

गटातले एक काका गेल्या वर्षी वारले. नाव लिहीत नाही, तुम्हाला कळेल. त्यांना पाच-सहा फॉन्टांची कोष्टकं तोंडपाठ होती. कोणीही अडलं की ते धावून यायचे. त्यांची उत्तरं एकत्र करावीत म्हणून मी परवा त्यांच्या नावानं शोधलं. दीडशेच्या वर निरोप निघाले. त्यातले बहुतेक असे: 'फोन कर, सांगतो.' 'रात्री नऊनंतर कॉल कर.' 'एनीडेस्कवर घेतो.' माणूस इतका मोठ्या मनाचा की दुसऱ्याच्या मशीनवर बसून फुकट काम करून द्यायचा. पण ज्याला मदत केली त्या प्रत्येकानं खाली लिहिलं, 'सुटलं काका, धन्यवाद'. काकांकडून शिकलेलं एकानंही चार ओळींत लिहून ठेवलं नाही. काकांना मी काही म्हणणार नाही. आपल्याला म्हणते आहे.

म्हणून व्हॉइस नोट नको. ती शोधता येत नाही, आणि घाईत कोणी ऐकतही नाही. स्क्रीनचा तिरपा फोटोही नको. फॉन्टचं नाव फोटोत दिसत असलं तरी टाइप करा, कारण पुढचा माणूस नावानंच शोधणार आहे. आणि नावं लिहिताना एक गंमत लक्षात असू द्या. 'ॲ' हे अक्षर युनिकोडात २००८ मध्ये स्वतंत्र आलं. त्याआधी आणि पुष्कळ कीबोर्डांवर आजही ते 'अ' आणि वरचा चंद्र असं दोन तुकड्यांत लिहिलं जातं. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शोधणाऱ्या यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. 'ॲप' शोधून सापडलं नाही म्हणून 'आधी कोणी विचारलंच नाही' असं समजू नका. (आणि ज्यांना वाटतं की ताई फारच बारीक किस पाडतात, त्यांनी आपल्या गटात 'ॲडोबी', 'अडोबी', 'अॅडॉब' आणि 'एडोब' असे चार शोध घेऊन बघावेत.)

'गुगल करा' म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: केलं होतं. मराठीत या प्रश्नाची उत्तरं गुगलला मिळत नाहीत, कारण ती आपण लिहिलेलीच नाहीत. गुगल तरी कुठून आणणार?

'इनबॉक्स करा'वाल्यांवर मात्र माझा राग नाही. पैसे घ्या, जरूर घ्या. कन्व्हर्जनचे पानामागे दर लावून चार लोकांचं घर चालतं, त्यात लाजायचं काय? पण मग गटात उघड लिहा, 'हे काम मी करून देतो, पानाला इतके'. मदतीचा चेहरा घेऊन बाजूला नेणं आणि तिकडे दर सांगणं, हे बरं दिसत नाही. समोरचा आधीच अडलेला असतो.

आता भांडणांबद्दल. युनिकोडवाले आणि जुने फॉन्टवाले, इनस्क्रिप्टवाले आणि टायपरायटरवाले (या कीबोर्डच्या दोन मांडण्या), विंडोजवाले आणि लिनक्सवाले. या भांडणांत मी भाग घेत आले आहे, खोटं कशाला बोलू. पण गेल्या वर्षी साताऱ्याकडच्या एका मुलीनं विचारलं होतं की मराठी ३० ची टायपिंग परीक्षा दिली आहे, बोटं टायपरायटरच्या कीबोर्डवर बसली आहेत, त्याच कळांवर युनिकोड कसं लिहायचं? सरळ प्रश्न. उत्तर दोन ओळींचं: रेमिंग्टन पद्धतीचा युनिकोड कीबोर्ड मिळतो, तो टाकून घे. त्याऐवजी आपण तिला इनस्क्रिप्ट कसा शास्त्रशुद्ध आहे यावर चाळीस निरोप ऐकवले. इनस्क्रिप्ट शास्त्रशुद्ध आहेच, मी स्वतः तोच वापरते. पण तिला सोमवारी नोकरीवर रुजू व्हायचं होतं. ती गट सोडून गेली.

तसाच तो 'युनिकोडात मराठी ल आणि श नाहीत' हा दर तीन महिन्यांनी उठणारा वाद. पाकळीचा ल आणि देठाचा श ही शासनाच्या २००९ च्या वर्णमालेतली रूपं. युनिकोडात ल एकच आहे, हिंदीलाही तोच आणि मराठीलाही तोच. दिसायला कसा दिसेल ते फॉन्ट ठरवतो. मराठी वळणाचा फॉन्ट घ्या किंवा मजकुराची भाषा 'मराठी' ठेवा, ज्या फॉन्टात सोय आहे तिथे तो आपोआप बदलतो. झालं. यात मराठीवर अन्याय वगैरे काही नाही.

एका मुलाबद्दल लिहायचं होतं, तेच राहत होतं. आपल्यातल्याच एकानं, नोकरी सांभाळून, रात्री जागून जुन्या फॉन्टांतलं मॅटर युनिकोडात नेणारा कन्व्हर्टर बनवला आणि सगळ्यांना फुकट दिला. आपण पोटासाठी तो रोज वापरतो. त्याला गटात काय ऐकावं लागलं ते मी मागे जाऊन वाचलं. 'तुझ्या कन्व्हर्टरनं माझं पुस्तक बिघडवलं, नुकसान कोण भरणार?' 'तीन दिवस झाले, अजून दुरुस्त केलं नाही?' 'जमत नसेल तर कशाला टाकलं?' असं बोलणाऱ्यातल्या निम्म्यांच्या मशीनवर सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं आहे, हे त्यांनीच कधी ना कधी गटात सांगितलेलं आहे. तो मुलगा मार्चपासून गप्प आहे.

तुमच्यातल्या लिनक्सवाल्यांना २०२४ ची गोष्ट माहीत असेल. फाइल दाबून लहान करणारं 'एक्सझेड' नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. जगभरातल्या बहुतेक लिनक्स यंत्रांत ते असतं, आणि ते वर्षानुवर्षं सांभाळत होता फिनलंडमधला एक माणूस, बिनपगारी, फावल्या वेळात. २०२२ मध्ये काही अनोळखी नावं त्याच्या मागे लागली. इतका उशीर का, तुम्हाला रस उरला नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या, असा तगादा. त्यातलं एक नाव तर 'जिगर कुमार' होतं, अगदी आपल्याकडचं वाटावं असं. त्या फिनलंडच्या माणसानं लिहून सांगितलं की हे मी छंद म्हणून करतो, पैसे मिळत नाहीत, मनाचं स्वास्थ्यही ठीक नाही. तगादा चालूच. त्याच सुमारास 'जिया टॅन' नावाचा एक मदतनीस नेमानं, गोडीनं काम करत होता. थकलेल्या माणसानं हळूहळू किल्ल्या त्याच्या हाती दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० ही आवृत्ती आली, तीत चोरदरवाजा होता, म्हणजे यंत्रात गुपचूप शिरायची वाट. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला आपल्या यंत्रात लॉग-इनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे एवढंच जाणवलं. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि २९ मार्चला त्यानं सगळं चव्हाट्यावर आणलं. जिया टॅन खरा कोण, ते आजही उघड झालेलं नाही. ती किरकिर करणारी नावंही त्याच कटातली असावीत, असा अनेकांचा कयास आहे.

आपल्या कन्व्हर्टरमध्ये कोणी चोरदरवाजा ठेवणार नाही. चोरायला आहे काय, पाचशे पानांच्या मसालेभाताचं प्रमाण? पण एकट्या माणसाला तगाद्यानं दमवलं की तो किल्ल्या कोणाच्याही हाती देतो नाहीतर विहिरीत टाकतो. आपल्या मुलानं बहुधा विहिरीत टाकल्या आहेत. ॲडमिन दादा, त्याला परत बोलवायचं काम तुमचं. माफी मागायचं काम ज्यांचं त्यांचं. कन्व्हर्टर चुकला तर कुठला फॉन्ट, मूळ शब्द कोणता, झाला कोणता, एवढं लिहून पाठवायचं. तो फुकट काम करतो आहे, फुकटा नाही.

आणखी एक, ॲडमिन दादांसाठीच. उत्तर मिळाल्यावर प्रश्न पुसून टाकणारे पाच-सहा जण आहेत. आपल्याला येत नव्हतं हे दिसू नये म्हणून पुसतात. त्यांना समजावून सांगा. गिऱ्हाईक गटात नाही.

माझं ऑगस्ट २०२१ चं उत्तर राहिलं होतं. या वेळी पुस्तक पुन्हा लावताना एकेक पायरी वहीत लिहीत गेले, ती इथे उतरवते.

पेजमेकरची फाइल उघडण्याआधी तिची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये काढा. फॉन्ट मशीनवर नसेल आणि पेजमेकर बदली फॉन्ट सुचवत असेल तर काहीही सेव्ह न करता बाहेर या आणि आधी फॉन्ट शोधा. मॅटर साध्या टेक्स्टमध्ये काढू नका. शीर्षकं बहुधा वेगळ्या फॉन्टात असतात आणि कुठलं काय होतं हे साध्या टेक्स्टमध्ये कळत नाही. एकेका स्टोरीत (सलग मजकुराच्या तुकड्यात) कर्सर ठेवून फॉन्टची नावं टिकवणाऱ्या आरटीएफमध्ये एक्स्पोर्ट करा आणि फाइलच्या नावात पान नंबर घाला. मग वर्डमध्ये 'शोधा-बदला'त शब्द रिकामा ठेवून फक्त फॉन्ट निवडा, टाइम्स किंवा जो इंग्रजी असेल तो, आणि तेवढं सगळं पिवळं करून घ्या. कन्व्हर्टर त्या इंग्रजी शब्दांचाही मराठी काला करतो. पिवळे शब्द नंतर हातानं परत घालायचे. कन्व्हर्टरला सबंध पुस्तक एकदम देऊ नका, प्रकरण प्रकरण द्या.

माझे रफार का हलत होते, ते असं: आपण जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर मारायचो, युनिकोडात 'र्' आधी येतो. पहिली वेलांटी याच्या उलट, तेव्हा आधी मारायचो, आता ती अक्षरानंतर साठवली जाते. एकाच अक्षरावर दोन्ही आले की कन्व्हर्टर गोंधळतो. मी फॉन्टची चुकीची जात निवडली होती, त्याच नावाच्या दोन जाती होत्या आणि रफाराची जागा दोन्हींत वेगळी. जात बदलल्यावर ऐंशी टक्के दुखणं गेलं. उरलेलं असं शोधलं: मोकळी जागा आणि लगेच वेलांटी हा शोध घ्या, टिंबांच्या वर्तुळावर बसलेल्या अनाथ वेलांट्या सापडतील. दोन काने लागोपाठ शोधा. 'अ' आणि चंद्र असे दोन तुकडे असतील तिथे सरसकट 'ॲ' करून टाका, त्यात धोका नाही.

'र्य' मात्र सरसकट बदलू नका. कन्व्हर्टरनं माझ्या पुस्तकातल्या सगळ्या 'ऱ्य'चे 'र्य' केले होते. त्यामुळे 'आचार्यांना आदल्या रात्रीच वाटण करून ठेवायला सांगावे' असं वाक्य तयार झालं. उलट बदलायला गेलं तर सूर्याचा सूऱ्या होतो. एकेक डोळ्यांनी बघा, दुसरा उपाय नाही.

इनडिझाइनमध्ये घेतल्यावर जोडाक्षरं फुटलेली दिसली तर घाबरू नका. परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये जस्टिफिकेशनखाली कंपोझर असतो, तो 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' करा.

कुठल्या फॉन्टला हे लागू पडलं नाही तर फॉन्टचं नाव लिहून गटातच सांगा. माझा फोन दुपारी बंद असतो.

आपली,
सांगलीची ताई

ता. क. पुस्तक छापून आलं. तीन प्रूफं वाचूनही पान ८७ वर एक आचार्य अजून भात उपसत आहेत.